निळी शाई पारखावी कशी : शाईच्या पेनाने रोज मराठी लिहू पाहणाऱ्यांसाठी

शाईचे पेन नव्याने हाती घेणारा माणूस पेनाची चौकशी भरपूर करतो आणि शाई मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतो. पुढे आठ-पंधरा दिवसांत पेन अडखळू लागते, वहीच्या पानामागे निळे ठिपके उमटतात, किंवा ‘थ’ची गाठ भरून जाऊन तो ‘य’सारखा दिसू लागतो, आणि सगळा दोष पेनाच्या माथी मारला जातो. वस्तुतः एकच शाई एका निबेतून सुरेख चालते आणि दुसरीतून अडते. एका कागदावर रेघ धरून राहते आणि दुसऱ्यावर फुटते. म्हणून शाई पारखायची ती आपल्या पेनात, आपल्या वहीवर आणि आपल्या लिपीत. शाईंच्या प्रसिद्ध चाचण्या बहुधा रोमन लिपीत आणि महागड्या परदेशी कागदावर केलेल्या असतात. त्यांतून रंगाची कल्पना येते. पण शिरोरेषा ओढताना ओले अक्षर फरफटते की नाही, अनुस्वाराचे टिंब पहिल्या स्पर्शात उमटते की नाही, हे त्यांतून कळत नाही. खाली दिलेली पद्धत सुमारे तीन आठवडे चालते, तिला खर्च जवळजवळ नाही, आणि ती घरच्या टेबलावर करता येते.

आधी शाईचा प्रकार ओळखावा

निळ्या शाईचे स्थूलमानाने तीन प्रकार नवशिक्याच्या समोर येतात. पहिला आणि सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची शाई, जिला आपण ‘रॉयल ब्लू’ किंवा ‘वॉशेबल ब्लू’ म्हणून ओळखतो. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांची शाळा याच शाईवर झाली. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करून ज्या व्यवसायाची सुरुवात केली त्याचेच पुढे कॅम्लिन झाले, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत पार्करने ‘क्विंक’ शाई बाजारात आणली, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. पेलिकनची ४००१ मालिकेतली रॉयल ब्लू किंवा लॅमीची निळी शाई याच जातकुळीतली.

दुसरा प्रकार लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईचा. तिच्यात लोहाचे क्षार आणि टॅनिनच्या कुळातील आम्ले असतात. लिहिल्यावर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन अक्षर हळूहळू काळसर होते आणि कागदाच्या तंतूंना घट्ट धरते. तिसरा प्रकार रंगकणांच्या शाईचा, ज्यात रंग विरघळलेला नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतो. सेलर आणि प्लॅटिनम या जपानी कंपन्या अशा शाया करतात. त्या पाण्याला उत्तम टिकतात, परंतु पेनात वाळल्या तर साध्या पाण्याने निघत नाहीत. पहिल्या पेनासाठी पहिल्याच प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हात बसेपर्यंत पेन अनेकदा उघडे राहणार, कपड्यांवर डाग पडणार, पेन धुवायचा कंटाळा होणार. आणि या सगळ्या चुका रॉयल ब्लू शाई निमूटपणे सहन करते.

‘वॉशेबल’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढच्या चाचण्यांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. या शायांमध्ये बहुधा ट्रायअरिलमिथेन कुळातला निळा रंग असतो. त्याच्या रेणूची रचना सपाट असते तोवर तो निळा दिसतो. सल्फाइटासारखा पदार्थ त्याच्या मधल्या कार्बनला जाऊन चिकटला की रचना बदलते आणि रंग दिसेनासा होतो. जर्मनीत शाळकरी मुले वापरतात त्या शाई खोडणाऱ्या पेनाचे रहस्य हेच आहे. शाई कागदावर तशीच असते, फक्त ती बिनरंगी झालेली असते. जी शाई इतक्या सहजी रंग सोडते ती शाळेच्या गणवेशाला सोयीची आणि धनादेशाला धोक्याची, हे उघड आहे. धनादेश, करारनामा, मुद्रांकाचा कागद यांवर अशा शाईने लिहू नये, मग तिची बाकीची परीक्षा कितीही चांगली उतरो.

आणखी एक ताकीद. चित्रकलेची काळी ‘इंडिया इंक’, टाक बुडवून सुलेखन करण्याची शाई, शिक्क्याच्या पॅडची शाई आणि प्रिंटरची शाई यांपैकी काहीही पेनात भरू नये. त्यांपैकी काहींत लाखेसारखे चिकट द्रव्य असते. ते जिभेच्या, म्हणजे निबेखालून तिला शाई पोचवणाऱ्या भागाच्या, खाचांत वाळले की पेन गेलेच म्हणून समजावे.

सामग्री जमवावी

एक दौत, एक असे पेन ज्याची चाल आपल्याला ठाऊक आहे, थोडे टीपकागद किंवा पांढरे टिश्यू, सुई नसलेली १ मिलिलिटरची सिरिंज, कापसाची कानकाडी, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि एक भिंग एवढे पुरे होते. पेन नवे कोरे असेल तर मात्र अडचण आहे, कारण नव्या पेनाचा दोष कोणता आणि नव्या शाईचा कोणता हे वेगळे काढता येत नाही. अशा वेळी ओळखीच्या कोणाकडून एखादी मुरलेली शाई दोन मिलिलिटर मागून घ्यावी, पेन तिच्यावर आठवडाभर चालवावे आणि मगच परीक्षेची शाई भरावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम शेवटपर्यंत पाळावा.

कागद तीन प्रकारचे घ्यावेत: रोजची शाळेची किंवा कार्यालयाची वही, झेरॉक्सचा ७५ किंवा ८० ग्रॅमचा कागद, आणि आपल्याला वारंवार लिहावा लागणारा सर्वांत हलका कागद, मग तो पावतीपुस्तकाचा असो की अर्जाचा. ग्रॅमचा हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन. ए-४ आकाराचा कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असल्यामुळे ८० ग्रॅमचा एक कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो. मात्र जाड कागद म्हणजे शाईला चांगला कागद, असे समीकरण मांडू नये. कागद तयार करताना त्यात पाणी शोषू न देणारी खळ किती आणि कशी घातली आहे, यावर शाईचे फुटणे ठरते. जपानचा टोमोए रिव्हर कागद अवघा ५२ ग्रॅमचा असूनही त्यावर शाई अजिबात फुटत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक जाड वह्यांवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते.

दौत उघडून पाहावी

स्टेशनरीच्या दुकानात दौत किती वर्षे फळीवर बसून आहे याचा नेम नसतो. म्हणून पेनात भरण्याआधी शाईकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. दौत न हलवता उजेडासमोर धरावी आणि तळाशी गाळ दिसतो का ते बघावे. नंतर झाकण उघडून पृष्ठभागावर पांढुरके तंतू किंवा साय आहे का ते पाहावे. तशी साय म्हणजे बुरशी होय, आणि बुरशी आलेली शाई गाळून वापरण्याचा मोह कितीही झाला तरी ती टाकून द्यावी, कारण बुरशीचे बीज पेनात शिरले की पुढची चांगली शाईही नासते. वास थोडा औषधी असेल तर घाबरू नये. तो बहुधा बुरशी रोखण्यासाठी घातलेल्या द्रव्याचा असतो. कुजकट वास मात्र वाईट.

परीक्षेपुरती ४-५ मिलिलिटर शाई सिरिंजने काढून एका स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्यावी आणि उरलेली परत दौतीत ओतू नये.

आता कानकाडी त्या शाईत बुडवून झेरॉक्सच्या कागदावर एक रुंद पट्टा ओढावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. ओल्या पट्ट्याचा रंग फसवा असतो. रॉयल ब्लू शाई ओली असताना जांभळट झाक दाखवते आणि सुकल्यावर कधी फिकी, कधी किंचित धुरकट होते. रंगाचा निर्णय दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ घ्यावा, कारण पिवळ्या दिव्याखाली निळा रंग मरगळतो आणि ट्यूबच्या प्रकाशात तो आहे त्याहून थंड दिसतो. हौस असेल तर टीपकागदाच्या पट्टीवर, खालच्या टोकापासून दोन बोटे वर, शाईचा एक थेंब ठेवून पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे. पाणी वर चढताना रंग वेगळे होतात. कधी एकच निळा पट्टा सरकतो, कधी त्यातून गुलाबी किंवा मोरपंखी कड बाहेर पडते. शाई भिजल्यावर त्यांतला कोणता रंग आधी पळेल, याची सूचना या पट्टीवरून मिळते.

पेन धुवावे, आणि खरोखर वाळवावे

या पायरीवर मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. पेन धुऊन, झटकून, लगेच नवी शाई भरली, पहिली दोन पाने फिकट उमटली, आणि शाई ‘पाणचट’ ठरवून मी ती दौत शेजारच्या मुलाला देऊन टाकली. महिनाभराने त्याच्या वहीत तीच शाई अशी ठसठशीत दिसली की मला माझी चूक उमगली: जिभेच्या खाचांमध्ये अडकलेल्या पाण्याने शाई पातळ केली होती.

म्हणून पेन साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्याने धुवावे. कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी, पेनातून काढता येणारी नळी) असेल तर पाणी आत घेत आणि बाहेर सोडत राहावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत दहा-पंधरा वेळा तरी हे करावे लागते. जुनी शाई हट्टी असेल तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून त्याने धुवावे आणि नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत पुन्हा साध्या पाण्याने धुवावे, कारण साबणाचा अंश राहिला तर शाई प्रमाणाबाहेर सढळ वाहते आणि चाचणी खोटी ठरते. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळावीत. एबोनाइटचा (काही पेने ज्याची करतात त्या कडक रबराचा) रंग गरम पाण्याने उडतो आणि काही प्लास्टिकांना स्पिरिटाने तडे जातात. मग निब खाली करून पेन टिश्यूवर रात्रभर उभे ठेवावे. सकाळी टिश्यूवर ओलावा दिसला तर आणखी एक रात्र.

पहिले पान परीक्षेत धरू नये

शाई भरून झाल्यावर निब पुसावी आणि अर्धे पान काहीही लिहून काढावे. दौतीत बुडवून भरलेल्या पेनाच्या जिभेत जादा शाई साठलेली असते, त्यामुळे सुरुवातीच्या ओळी नेहमीपेक्षा ओल्या आणि गडद येतात. त्यांवरून मत बनवले की दुसऱ्या दिवशी निराशा होते. मधल्या स्थितीत आलेले पेनच खरे बोलते.

आता रोजच्या वहीवर, रोजच्या वेगाने, एक पूर्ण पान मराठीत लिहावे. मजकूर कोणताही चालेल. मात्र त्यात गाठी आणि वळणे असलेली अक्षरे भरपूर यावीत. मी स्वतः ‘थंडीत भाकरी, धान्य, घागर, क्षण, ज्ञान, श्रद्धा, ठिकठिकाणी, खडखडाट’ असे शब्द मुद्दाम पेरतो. देवनागरीत शाईची परीक्षा तीन जागी होते. पहिली जागा म्हणजे अक्षरांतल्या बंद गाठी. ‘थ’, ‘भ’, ‘ध’ यांच्या डोक्यावरची छोटी गाठ मोकळी राहिली पाहिजे; ती भरली तर एक तर शाई फार पसरते किंवा निब आपल्या अक्षराच्या मानाने जाड आहे. दुसरी जागा शिरोरेषेची. आपल्यापैकी बहुतेक जण शब्द पुरा करून मग रेघ ओढतात, म्हणजे निब नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या असलेल्या अक्षरांच्या माथ्यांवरून पुन्हा जाते. कागद हलका आणि शाई ओली असेल तर तिथे कागदाचे तंतू उखडून निबेच्या फटीत अडकतात, रेघ जाड होत जाते आणि माथ्याशी शाईची गोळी साचते. रोमन लिपीत हा ताण शाईवर जवळजवळ पडतच नाही. तिसरी जागा अनुस्वार, मात्रा आणि नुक्त्यासारखी टिंबे. निब कागदाला क्षणभर टेकते तेवढ्यात शाई आली पाहिजे. ‘अंगण’ लिहिताना टिंब दोनदा द्यावे लागत असेल तर शाई त्या निबेसाठी कोरडी आहे.

कोरडी आणि ओली हे शब्द इथे थोडे समजून घ्यावेत, कारण शाई तर द्रवच असते. निबेच्या दोन पात्यांमधल्या बारीक फटीतून शाई केशाकर्षणाने खाली येते आणि कागद तिला ओढून घेतो. शाईत पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये किती आहेत, यावर ती किती मोकळेपणाने येईल हे ठरते. सढळ येणारी ती ओली, हात आखडून येणारी ती कोरडी. कोरडी शाई वाईट असते असे नाही. ज्याचे पेन अतिउदारपणे शाई ओतते आणि ज्याची वही हलकी आहे, त्याला कोरडी शाईच वाचवते. उलट टणक, बारीक आणि कंजूस निबेला ओली शाई लागते. नवशिक्याने पेन बदलायचा विचार करण्याआधी ही जोडी बदलून पाहावी.

लिहिलेले पान सुकल्यावर भिंगातून पाहावे. रेघेच्या कडेला केसासारखे फाटे फुटले आहेत का, ते तपासावे. मग पान उलटून मागची बाजू पाहावी. पुढची अक्षरे मागून नुसती सावलीसारखी दिसत असतील तर तो कागदाच्या पातळपणाचा परिणाम आहे आणि तो सहन करता येतो. मागे प्रत्यक्ष शाईचे ठिपके उमटले असतील तर ती शाई त्या कागदावर पाठपोट लिहिण्यास निरुपयोगी समजावी. हेच पान झेरॉक्सच्या आणि हलक्या कागदावरही लिहून काढावे.

सुकण्याचा वेळ मोजावा

घड्याळ समोर ठेवून एकाच लांबीच्या सहा आडव्या रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकीवरून अनुक्रमे ५, १०, १५, २०, ३० आणि ४५ सेकंदांनी कोरडे बोट फिरवावे. जिथे बोटाला डाग लागत नाही आणि रेघ फरफटत नाही, तो त्या जोडीचा सुकण्याचा वेळ. माझ्या अनुभवात मध्यम निबेतून रॉयल ब्लू शाई झेरॉक्सच्या कागदावर १० ते १५ सेकंदांत सुकते आणि गुळगुळीत कागदावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते. डावऱ्या लेखकांनी आणि वर्गात भरभर टिपणे घेऊन पान उलटणाऱ्यांनी या आकड्याला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे. पत्रे आणि रोजनिशी लिहिणाऱ्याने फार चिंता करू नये. त्याच्यासाठी टीपकागद आहेच.

मात्र हा आकडा ज्या दिवशी काढला त्या दिवसाची हवा शेजारी लिहून ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात कागद सादळतो, त्याची खळ हवेतला ओलावा पिते, आणि एप्रिलमध्ये स्वच्छ लिहिणारी शाई त्याच वहीवर फुटू लागते व उशिरा सुकते. अशा वेळी दोष शाईला देण्याआधी वही दोन दिवस कोरड्या कपाटात किंवा उबेला ठेवून पुन्हा लिहून पाहावे.

पाणी, ऊन आणि झेरॉक्स

पाण्याच्या चाचणीसाठी लिहिलेला कागद पुरते २४ तास सुकू द्यावा. नंतर त्याचे तीन भाग करावेत. पहिल्यावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब टाकून एक मिनिटाने टीपकागदाने उचलावा. दुसऱ्यावरून ओले बोट फिरवावे. तिसरा भाग नळाखाली दहा सेकंद धरावा. रॉयल ब्लू शाई यांपैकी तिसऱ्या परीक्षेत बहुधा वाहून जाते, आणि त्यात आश्चर्य नाही. आपण पाहायचे ते एवढेच की पाणी गेल्यावर अक्षराची काही खूण वाचण्याजोगी उरते का. चहाचा पेला वहीवर सांडला तर पान वाचता येईल की नाही, याचे उत्तर पहिल्या भागावर मिळते. घामट हातांच्या लोकांनी दुसरा भाग नीट पाहावा, कारण उन्हाळ्यात तळहात नेमका त्याच प्रकारे पानावरून फिरतो.

उजेडाची चाचणी सोपी पण संथ आहे. लिहिलेल्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवावी आणि विसरून जावे. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला की दोन अर्ध्यांतला फरक दिसतो. विरघळणाऱ्या रंगाच्या शाया थोड्याफार उडतातच; निम्म्याहून अधिक उडत असेल तर ती शाई भिंतीवर लावायच्या किंवा काचेखाली ठेवायच्या लेखनाला वापरू नये. बंद वहीतल्या टिपणांना याने काही बिघडत नाही.

याच सुमारास एक पान झेरॉक्स करून आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने स्कॅन करून पाहावे. फिकट, आकाशी वळणाच्या निळ्या शाया कृष्णधवल प्रतीत इतक्या पुसट येतात की ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या ओळखू येत नाहीत. कार्यालयात अर्ज, शेरे आणि पोच लिहिणाऱ्यांना ही अडचण रोज भोगावी लागते, तरी शाई घेताना कोणी तिचा विचार करत नाही.

पेन थांबते तेव्हा काय होते

आतापर्यंतच्या चाचण्या एका बैठकीच्या होत्या. रोजच्या वापरात मात्र पेन जास्त वेळ थांबलेले असते. विचार करताना उघडे, आणि रात्री टोपण लावून खिशात. उघड्या पेनाची चाचणी पंखा चालू ठेवूनच करावी, कारण आपण लिहितो ते पंख्याखाली. पेन आडवे ठेवून एक मिनिटाने ‘मी’ लिहून पाहावे, मग नव्याने तीन, पाच आणि दहा मिनिटांनी. शाईत ग्लिसरिन किंवा ग्लायकॉल यांसारखे ओल धरणारे द्रव्य पुरेसे असेल तर पाच मिनिटांनंतरही ‘मी’ची वेलांटी पहिल्या झटक्यात उमटते.

टोपण लावलेल्या पेनाची चाचणी एक रात्र, तीन दिवस आणि सात दिवस अशी करावी. सात दिवसांनी पेन सुरू झाले पण अक्षर आधीपेक्षा गडद आले, तर पाणी उडून शाई दाट झाली आहे आणि टोपण हवाबंद नाही, असा अर्थ होतो. त्यात शाईचा दोष नाही. नेमका हा भेद करता यावा म्हणून शंका आल्यास तीच शाई दुसऱ्या पेनात भरून ही एक चाचणी पुन्हा करावी.

ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या नळीत दोन ते चार मिलिलिटर शाई मावते, आणि ती तिसऱ्या हिश्श्यावर आली की आतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावून शाई बाहेर ढकलते. नवशिक्या म्हणतो शाई पातळ आहे. खरे तर नळी पुन्हा भरायची वेळ झालेली असते.

दोन आठवडे वापर, आणि नोंद

यानंतर शाई पारखणे थांबवून ती वापरावी. सिरिंजने मोजून १ मिलिलिटर भरावी आणि तेवढ्यात किती पाने झाली ते मोजावे. दौतीची किंमत आणि तिच्यातले मिलिलिटर ठाऊक असले की एका पानाचा खर्च काढता येतो, आणि महागडी परदेशी शाई आपल्याला परवडते का हा प्रश्न आकड्याने सुटतो. वापराच्या काळात एका वहीत प्रत्येक चाचणीची तारीख, पेन, निबेची जाडी, कागद आणि हवा यांची नोंद त्याच शाईने करावी. ही वही पुढच्या शाईच्या वेळी तुलनेसाठी उपयोगी पडते, आणि वर्षभराने शाईचा रंग कितपत टिकला याचा पुरावाही तिच्यातच असतो.

दोन आठवड्यांनी पेन धुवावे आणि पाणी किती वेळा बदलल्यावर स्वच्छ आले ते मोजून लिहावे. पाच-सहा वेळांत स्वच्छ झाले तर शाई पेनाला सोयीची आहे. कन्व्हर्टरच्या भिंतीवर निळी झाक राहिली असेल तर पारदर्शक पेनात ती शाई भरू नये, अपारदर्शक पेनात खुशाल भरावी.

शाई पसंत पडली आणि मनात आले की ती किंचित गडद असती तर बरे, म्हणून दुसरी निळी-काळी शाई तिच्यात मिसळू नये. दोन शायांची आम्लता वेगळी असू शकते आणि मिसळल्यावर गाळ बसू शकतो. करूनच पाहायचे असेल तर दोन्हींचे चार-चार थेंब छोट्या बाटलीत घेऊन एक-दोन दिवस बाजूला ठेवावे आणि तळ पाहावा. पेनात मात्र ते घालू नये.

निवडलेल्या दौतीच्या तळाशी ती उघडल्याची तारीख लिहून ती खोक्यासकट कपाटात, उजेडापासून दूर ठेवावी. चाचणी उन्हाळ्यात किंवा थंडीत केली असेल तर कागदाचे आणि सुकण्याचे पान तेवढे पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात त्याच वहीवर पुन्हा लिहून काढावे, आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत.